दिल्ली दरवाज्याजवळचे मैदान

वाचकहो, दिल्लीस आलेल्या पाहुण्याला आम्ही दिल्लीकर काय दाखवतो, हे जवळजवळ ठरूनच गेलेले आहे. लाल किल्ला, जामा मशीद, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, राजघाट. आणि पाय दुखू लागले की चांदणी चौकातली गरम जिलबी. ह्या यादीत एका मैदानाची भर घालावी, अशी माझी शिफारस आहे. ते मैदान प्रेक्षणीय आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्या भिंती साध्या आहेत, पायऱ्या सिमेंटच्या आहेत, आणि उन्हाळ्यात त्या पायऱ्यांवर बसणे म्हणजे तव्यावर बसणे होय. परंतु ते श्रवणीय मात्र निश्चित आहे. खेळ पाहावयास आलेली माणसे तेथे जे बोलतात ते ऐकण्यासाठी आपण एकदा तरी तेथे जावे.

जाणे सोपे आहे. मेट्रोच्या जांभळ्या मार्गावर ‘दिल्ली गेट’ नावाचे स्थानक २०१७ साली सुरू झाले. तेथून वर आलात की समोर शाहजहानच्या नगरीचा दक्षिणेकडील दरवाजा दिसतो. नगराचा तट केव्हाच नाहीसा झाला आहे, आणि बिचारा दरवाजा वाहनांच्या गर्दीत एखाद्या निवृत्त पहारेकऱ्यासारखा उभा आहे. त्याच्याकडे पाठ करून बहादूरशाह जफर मार्गाने थोडे पुढे चालत जावे. ह्या परिसरात इतिहासाची नुसती दाटी आहे. एकीकडे खूनी दरवाजा. दुसरीकडे फिरोजशाह कोटल्याचे भग्नावशेष आणि त्यांवर चौदाव्या शतकात सुलतानाने दुरून आणवून उभा केलेला अशोकस्तंभ. ह्या कोटल्यात दर गुरुवारी भाविक मंडळी जिन्नांच्या नावे लेखी अर्ज ठेवून जातात. फुटबॉलच्या एखाद्या शौकिनानेही त्यांत आपला अर्ज सरकवला असल्यास मला नवल वाटणार नाही. कोटल्यालगत क्रिकेटचे विख्यात मैदान आहे, ज्यास २०१९ पासून अरुण जेटलींचे नाव आहे. आणि ह्या सर्वांच्या शेजारी, जरा अंग चोरून, डॉ. आंबेडकर स्टेडियम. पूर्वी ह्यास कॉर्पोरेशन स्टेडियम म्हणत. १९९९ साली दिल्ली-लाहोर बस सुरू झाली ती ह्याच स्टेडियमाच्या नावाच्या बसस्थानकातून. वीस वर्षांनी ती बंद पडली. फुटबॉलची गर्दी आणि लाहोरास जाणाऱ्यांची बोचकी एकाच फाटकापाशी पाहिल्याचे सांगणारी माणसे येथे अजून भेटतात.

दिल्ली हे फुटबॉलचे शहर आहे असे म्हटले तर कोलकात्याचा मनुष्य हसेल, गोव्याचा मनुष्य नुसता पाहत राहील, आणि कोल्हापूरचा मनुष्य आपल्या तालमींच्या संघांची नावे घडाघडा म्हणून दाखवील. तरीही ह्या शहराचा एक हक्क मान्य करावा लागतो. १८८८ साली सिमल्यास सुरू झालेली ड्युरँड चषक स्पर्धा १९४० मध्ये दिल्लीस आली. त्याच वर्षी मोहमेडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीला २-१ असे हरवले. पुढे कित्येक दशके हिवाळ्याच्या सुमारास देशातील उत्तमोत्तम संघ दिल्लीत येऊन खेळून गेले. स्पर्धेचे बिऱ्हाड २०१९ मध्ये कोलकात्यास हलले, तोपर्यंत दिल्लीच्या चार पिढ्यांचे डोळे तयार झाले होते. १९६० पासून शाळकरी मुलांची सुब्रतो चषक स्पर्धाही येथे भरू लागली. खुद्द दिल्लीच्या संघाने राष्ट्रीय संतोष करंडक जिंकला तो एकदाच, १९४४-४५ च्या हंगामात. माझ्या मते ह्या दोन गोष्टी मिळूनच दिल्लीचा फुटबॉलप्रेक्षक घडला आहे. खेळ उत्तम पाहिलेला. पण स्वतःच्या संघासाठी घसा फोडण्याचे प्रसंग थोडे. अशा माणसाचा भक्त होत नाही, परीक्षक होतो. कोणता संघ जिंकला ह्यापेक्षा कोणता पोरगा पुढे काय होईल, ह्या प्रश्नात त्याला अधिक गोडी असते.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी स्थानिक लीगमधील एक सामना पाहावयास गेलो होतो. प्रेक्षक शे-दीडशे असतील. जुन्या दिल्लीतील दोन-तीन वृद्ध गृहस्थ, गढवाली मंडळींचा एक गट, चित्तरंजन पार्काकडून आलेले एक बंगाली बाबू, मुनीरका भागात राहून शिकणारे मणिपूरचे दोन विद्यार्थी, आणि शेंगदाणे विकणारा, जो विक्री सोडून सामनाच पाहत होता. एका संघाच्या आघाडीस अठरा-एकोणीस वर्षांचा एक सडपातळ मुलगा खेळत होता. त्याचे नाव मी येथे देत नाही. कारण त्याच्याविषयी त्या दिवशी जे निकाल दिले गेले ते त्याने अद्याप ऐकलेले नाहीत, आणि ऐकू नयेत.

पहिल्या दहा मिनिटांत एकमत झाले ते इतकेच, की पोरगा धावतो छान. मग फाटे फुटले. बंगाली बाबूंचे म्हणणे असे, की चेंडू पायाशी आला की तो हातभर पुढे उसळतो. पहिला स्पर्श कच्चा असेल तर वेग काय कामाचा? गढवाली गटातील एकाने जाहीर केले, की ह्याचा डावा पाय फक्त उभे राहण्यासाठी आहे. दुसऱ्याला उंची अपुरी वाटली. तिसऱ्याने त्याच वयाच्या एका परदेशी खेळाडूचे नाव घेऊन उसासा टाकला. मणिपूरच्या विद्यार्थ्यांपैकी एकाला हे सर्व सहन होईना. तो म्हणाला, “चाचाजी, अर्ध्या तासात त्याला नीट पास मिळाला किती वेळा? दोनदा. चेंडूच मिळत नाही तर स्पर्श दाखवणार कशाने?”

ह्या सर्व वेळात जुन्या दिल्लीतील एक वृद्ध गृहस्थ काहीच बोलत नव्हते. बोटांच्या पेरांवर ते काहीतरी मोजत होते. मध्यंतरात मी धीर करून विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले: चेंडू येण्यापूर्वी तो मुलगा मान वळवून मागे किती वेळा पाहतो, ते मी मोजतो आहे. पाठीवर कोण आहे, मोकळी जागा कोठे आहे, हे चेंडू येण्याआधी ज्याला ठाऊक असते त्याचा स्पर्श शिकवून सुधारता येतो. ज्याला पाहण्याची सवय नाही त्याचा स्पर्श कितीही मऊ असो, तो चेंडू घेऊन भिंतीवरच जाणार. “आणि हा?” मी विचारले. “पहिल्या पंधरा मिनिटांत सातदा. नंतर दमला, विसरला.” आपल्या उत्तरावर ते स्वतःच खूश झालेले दिसले.

उत्तरार्धात त्या मुलाने मोकळ्या गोलासमोर चेंडू बाहेर मारला. पायऱ्यांवर असा काही हाहाकार झाला की शेंगदाणेवाल्याच्या हातातील पुडी सांडली. डावा पायवाले म्हणाले, पाहिलेत? उंचीवाले म्हणाले, पाहिलेत? वृद्ध गृहस्थ एवढेच म्हणाले, की बचाव करणाऱ्याच्या आधी दोन पावले तो त्या जागी पोहोचला होता. मारणे चुकले, पोहोचणे चुकले नाही.

वाचकहो, भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे येथे एक विषयांतर करतो. अशा खेळाडूविषयी इंग्रजीत लिहिणारे जो शब्द वापरतात त्याचे भाषांतर आम्ही ‘सुप्त क्षमता’ असे करतो, आणि ते मला कधीच आवडलेले नाही. त्यात जणू एखादा हंडा जमिनीखाली पुरलेला आहे आणि आपण फक्त खणावयाचे आहे, असा भास होतो. आपल्याकडचा जुना शब्द ‘होतकरू’ पाहा. जो होऊ पाहतो आहे, होण्याच्या मार्गावर आहे, तो होतकरू. त्यात पुरलेले धन नाही, चालू असलेली क्रिया आहे. आणि क्रिया म्हटली की ती अर्ध्यावर थांबूही शकते. आघाडीच्या तरुण खेळाडूला हा शब्द जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कोणास क्वचितच पडत असेल. बचाव करणाऱ्याचे काम चुका टाळण्याचे आहे. आघाडीच्या खेळाडूने मात्र चुकण्याचीच जोखीम घ्यावयाची असते. दहादा धाव घ्यावी, नऊदा चेंडू येऊ नये, दहाव्यांदा यावा आणि तोही गुडघ्यावर. प्रेक्षकाला ती दहावी वेळच दिसते. पहिल्या नऊ धावांनी बचावफळी मागे सरकली आणि कोणा दुसऱ्यास जागा मिळाली, हे पाहण्यासाठी डोळा चेंडूवरून काढून दुसरीकडे ठेवावा लागतो. ते सर्वांत कठीण आहे.

ह्या मैदानावर असा वाद निघाला की एक नाव आल्यावाचून राहत नाही, ते म्हणजे सुनील छेत्रीचे. त्याचा जन्म ३ ऑगस्ट १९८४ चा, सिकंदराबादचा. वडील लष्करात, त्यामुळे बदल्यांमागून बदल्या. आई नेपाळची, आणि तीही फुटबॉल खेळलेली. शाळेची अखेरची वर्षे दिल्लीत गेली, आणि येथील सिटी क्लबकडून खेळत असतानाच कोलकात्याच्या मोहन बागानची नजर त्याच्यावर पडली. २००२ मध्ये तो गेला. दिल्लीचे हे नेहमीचेच आहे; होतकरू येथे दिसतो आणि होतो दुसरीकडे.

१२ जून २००५ रोजी क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध तो देशासाठी प्रथमच खेळला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. त्या आनंदात आपण पाकिस्तानी प्रेक्षकांकडेच धावत गेलो, ही गोष्ट तो स्वतः हसत सांगतो. येथपर्यंतची कथा सर्वांना आवडते. तिच्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. देशासाठी त्याचा दुसरा गोल येण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. साडेपाच फुटांच्या थोडा वर असलेला, परदेशी बचावपटूंच्या खांद्याला लागणारा हा आघाडीचा खेळाडू, आणि शेजारी बायचुंग भुतियासारखा सिद्ध झालेला. २००७ च्या जुलैत ज्याने केवळ आकडे पाहून निकाल दिला असता, त्याने ‘एका गोलाचा धनी’ असाच दिला असता, आणि आकडे त्याच्याच बाजूचे होते.

तो दुसरा गोल १७ ऑगस्ट २००७ रोजी आला, नेहरू चषक स्पर्धेत कंबोडियाविरुद्ध. आणि आला तो ह्याच आंबेडकर स्टेडियमवर. भारताने सामना ६-० असा जिंकला, त्यांत छेत्रीचे दोन. त्याच महिन्याच्या अखेरीस अंतिम सामन्यात एन. पी. प्रदीपच्या गोलाने सीरियाला हरवून भारताने हा चषक प्रथमच मिळवला. पुढल्या वर्षी आशियाई चॅलेंज चषकाचा अंतिम सामना हैदराबादेतील पावसामुळे हलवून येथे आणावा लागला. १३ ऑगस्ट २००८. प्रतिस्पर्धी ताजिकिस्तान. नवव्या मिनिटाला छेत्री, मग आणखी एक छेत्रीचा व एक भुतियाचा, आणि पंचाहत्तराव्यास पुन्हा छेत्री. सामना ४-१, आणि त्या विजयाने भारताला २०११ च्या आशियाई चषकाचे दार उघडले. १९८४ नंतर त्या स्पर्धेत आपण गेलो नव्हतो. म्हणजे छेत्रीच्या जन्मवर्षानंतर.

तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आणि तरीही वाद संपला नाही. २००९ मध्ये इंग्लंडातील क्वीन्स पार्क रेंजर्सने त्यास घेण्याची तयारी दर्शवली, परंतु जागतिक क्रमवारीत भारत फार खाली असल्याने तेथे काम करण्याचा परवाना नाकारला गेला. २०१० मध्ये अमेरिकेत, २०१२ मध्ये पोर्तुगालमध्ये तो जाऊन आला. दोन्हीकडे फारसे खेळावयास मिळाले नाही. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून त्याने निरोप घेतला, तेव्हा त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते, आणि जगात त्याच्यापुढे तिघेच होते. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावे लागले. चाळिशीत त्याने मालदीवविरुद्ध आणखी एक केला. पन्नाशीपुढील मंडळी त्याच्या गोलांचे कौतुक करतात. मला त्या परतण्याचीच चिंता वाटते. वीस वर्षांत त्याची जागा घेणारा कोणी मिळाला नाही, हाच त्याचा अर्थ आहे.

म्हणूनच छेत्रीचे उदाहरण जपून वापरावे असे मला वाटते. ‘थांबा, छेत्रीलाही वेळ लागला’ असे म्हटले की पायऱ्यांवरचा कोणताही वाद तात्पुरता मिटतो. पण ज्यांना वेळ दिला आणि जे काही झाले नाहीत अशांची गणती कोण ठेवतो? वेळ म्हणजे केवळ दिनदर्शिकेची पाने नव्हेत, वेळ म्हणजे सामने; हरल्यास काही गमवावे लागेल असे सामने.

ह्याचे दर्शन ज्या ठिकाणी घडले ते पाहण्यासाठी आपण पुन्हा त्याच जांभळ्या मार्गाची गाडी धरावी. मंडी हाऊस, जनपथ, खान मार्केट अशी स्थानके घेत ती जवाहरलाल नेहरू स्टेडियमला पोहोचते. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेल्या ह्या प्रचंड स्टेडियमवर ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा भारताचा पहिला सामना झाला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेत भारत प्रथमच उतरत होता. समोर अमेरिका, आणि आपल्या आघाडीस आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव.

अनिकेतचा जन्म जुलै २००० चा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला, दणकट बांध्याचा, सरळ गोलाकडे धावणारा. मराठी वाचकांनी त्या रात्री दूरचित्रवाणीसमोर त्याचेच नाव पुकारले असेल. अमेरिकेच्या आघाडीस होता जॉश सार्जंट, जन्म फेब्रुवारी २०००. म्हणजे दोघे अवघ्या पाच महिन्यांच्या अंतराने जन्मलेले. तिसाव्या मिनिटाला सार्जंटने पेनल्टीवर गोल केला, आणि सामना अमेरिकेने ३-० असा जिंकला. अनिकेत एकटा पुढे, पाठीशी धिप्पाड बचावपटू, आणि मधल्या फळीकडून येणारा चेंडू बहुधा उंचावरून, घाईघाईने फेकल्यासारखा. दोघांचे वय एक. परंतु सार्जंट त्याच वर्षी उन्हाळ्यात वीस वर्षांखालील विश्वचषकही खेळून आणि तेथे गोल करून आला होता. आपल्या मुलांना परदेश दौरे पुष्कळ घडवले होते, मैत्रीपूर्ण सामनेही पुष्कळ. पण आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या चुरशीच्या लीगचे पाणी त्यांना फारसे लागलेले नव्हते. हा फरक पायांतला नव्हता, मागे वळून पाहण्याच्या सवयीतला होता. त्या वृद्ध गृहस्थांच्या मोजणीची मला आठवण होते ती येथे.

तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध प्रशिक्षक लुईस नॉर्टन दे मातोस ह्यांनी सुरुवातीस आघाडीवर रहीम अलीला उतरवले. ब्याऐंशीव्या मिनिटाला कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर डोके लावून जिक्सन सिंगने भारताचा विश्वचषकातील पहिला गोल केला. तो आघाडीचा खेळाडू नव्हता, मधल्या फळीतला होता. पुढल्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल करून सामना २-१ असा नेला. घाना ४-० असे जिंकले, आणि आपली स्पर्धा संपली. तीन सामन्यांत आघाडीच्या एकाही खेळाडूचा गोल नाही. त्यावरून निकाल देणे सोपे होते, आणि तो अनेकांनी दिला.

सार्जंट पुढे जर्मनीत वेर्डर ब्रेमेनला गेला, तेथून इंग्लंडात नॉर्विचला. आपल्या मुलांसाठी महासंघाने इंडियन ॲरोज हा संघ करून त्यांस थेट आय-लीगमध्ये, मोठ्यांच्या अंगावर सोडले. मला हा निर्णय त्या विश्वचषकाच्या झगमगाटाहून मोलाचा वाटतो. २०२२ मध्ये तो संघ बंद करण्यात आला ह्याचे दुःखही तितकेच आहे. गोव्यात बांबोळीच्या मैदानावर २९ नोव्हेंबर २०१७ रोजी ह्या मुलांचा पहिला सामना चेन्नई सिटीशी झाला. तो ॲरोजने ३-० असा जिंकला, आणि त्यांतील दोन गोल अनिकेत जाधवचे होते. दिल्लीतल्या त्या रात्रीला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पुढे तो इंग्लंडात ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ सरावास जाऊन आला, जमशेदपूरकडून खेळला, आणि २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघातही होता. छेत्रीची जागा त्याने घेतली नाही. परंतु सतराव्या वर्षी एका रात्रीत जो निकाल दिला गेला, तोही खरा ठरला नाही.

त्या हंगामाच्या मध्यावर ॲरोजचे घरचे सामने दिल्लीस आले, आंबेडकर स्टेडियमवर. २६ डिसेंबर २०१७ च्या थंडीत शिलाँग लाजोंगविरुद्ध मणिपूरच्या नोंगदांबा नाओरेमने डाव्या अंगाने चेंडू घेतला आणि एकामागून एक बचावपटूंना चकवीत, कोठेही न थांबता, गोल केला. त्याला अठरा वर्षे पूर्ण होण्यास अजून आठवडा होता. त्या गोलाचे चित्रण देशभर फिरले, आणि दोनच वर्षांनी तो मोहन बागानच्या आय-लीग विजेत्या संघात होता. त्या दिवशी पायऱ्यांवर जे थोडे लोक होते त्यांच्यापैकी एकजण मला एकदा भेटला. गोल अप्रतिमच होता, तो म्हणाला. पण त्याआधी दोन वेळा त्याने पास द्यावयास हवा होता.